विहिरीतलं प्रेत आणि सरकारी तक्ता

समीक्षा कशाची करायची हे आपल्याकडं ठरून गेलंय. कविता, कथा, आत्मकथन, फार झालं तर नाटक. सरकार दरसाल आकड्यांचं जे जाडजूड बाड काढतं, त्याची समीक्षा करायला कुणी बसत नाही. त्यातले आकडे मोर्चाच्या भाषणात येतात, वर्तमानपत्राच्या चौकटीत येतात, आणि कोर्टात आपल्याच विरुद्ध निकालातही येतात. पण कविता वाचावी तसा तक्ता ओळीओळीनं कुणी वाचत नाही. मला इथं एक पुस्तक आणि एक तक्ता शेजारीशेजारी ठेवून वाचायचा आहे. पुस्तक आटपाडीच्या माणसाचं, शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ', १९८१ सालचं. तक्ता दिल्लीचा, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग म्हणजे एनसीआरबी दरसाल काढतो तो.

माणदेश म्हटलं की पांढरपेशा वाचकाला माडगूळकर बंधू आठवतात. औंधच्या राजानं १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांची बिनभिंतींची वसाहत काढली, स्वतंत्रपूर, आणि तिच्यावरून १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा निघाला, हेही लोक कौतुकानं सांगतात. सांगू देत. चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच औंध संस्थानात, त्याच आटपाडीच्या महारवाड्यात, गावच्या तराळाच्या घरी १९२१ साली एक पोरगा जन्मला. तो वकील झाला, 'प्रबुद्ध भारत'चा संपादक झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. खुनाची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यावर विश्वास टाकणारं गाव आपल्या तराळाशी कसं वागत होतं, हे त्यानं लिहून ठेवलं. ते मात्र कौतुकानं सांगितलं जात नाही.

'तराळ-अंतराळ'मधला विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचला असेल. इंग्रजीतही तो वेगळा छापला गेला आहे. विहिरीत प्रेत आहे. राखणीला तराळानं बसायचं. पोलिस आल्यावर ते बाहेर काढायचं कुणी? तराळानंच. विहिरीत साप आहे, जिवाची भीती आहे, आणि वर हुकूम सोडणारा पोलिस उभा आहे. पोरगा हे सगळं बघतो आहे. बाप विहिरीत उतरतो.

आता माझा प्रश्न साधा आहे. या प्रसंगाचं सरकारी कागदावर काय उरलं असेल? एक आकस्मिक मृत्यू. एक पंचनामा. प्रेत कोणाचं, कुठं मिळालं, अंगावर खुणा काय. एका जिवंत माणसाला जीव धोक्यात घालून आत उतरवलं, आणि तो एका विशिष्ट जातीचा होता म्हणूनच उतरवलं, याला त्या कागदावर रकानाच नाही. रकाना नाही म्हणजे गुन्हा नाही. आणि त्यातली खोच बघा: गावातल्या मयताचा सांगावा गावोगाव नेणारा महार, गावात काही घडलं की पाटलाला वर्दी देणारा महार. गावाची सारी माहिती त्याच्या पायावर चालायची. बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाविरुद्ध बिल आणलं, वतनं कायद्यानं संपायला १९५८ उजाडलं. तोवर, आणि कितीतरी ठिकाणी त्यानंतरही, दुसऱ्यांच्या मरणाची नोंद करवणारा हा माणूस स्वतः कुठल्याच नोंदीत आला नाही.

आपल्या आत्मकथनांवर प्रस्थापित समीक्षकांनी एक शिक्का मारून ठेवलाय. म्हणे, हे साहित्य नव्हे, हे दस्तऐवज आहेत. आपली माणसं यावर चिडतात, आणि यातही सौंदर्य आहे हो, कलामूल्य आहे हो, असं पटवत बसतात. मी म्हणतो, चिडायचं कशाला? दस्तऐवज तर दस्तऐवज. मग ते दस्तऐवज म्हणून वाचा की! गाव कोणतं, साल कोणतं, हुकूम कुणाचा, साक्षीदार कोण, कागदावर काय गेलं आणि काय गाळलं. असं वाचायला घेतलं की मग सरकारचा तक्तासुद्धा साक्षीला काढता येतो. समीक्षकांना ते परवडणार नाही, हा भाग वेगळा.

तर तक्ता. २०२२ साली देशात अनुसूचित जातींविरुद्धचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. आदल्या वर्षी ५०,९००. महाराष्ट्रात २०२२ साली २,७४३. आपण काय करतो? पहिला आकडा घेऊन 'अत्याचार वाढले' म्हणतो. विरोधक तोच आकडा घेऊन 'खोट्या केसेस वाढल्या' म्हणतात. दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात, की आकडा म्हणजे घडलेलं. तसं नाही. हा आकडा ठाणे अंमलदारानं लिहून घेतलेल्याचा आहे.

याचा पुरावा तक्त्यातच आहे. पश्चिम बंगालमध्ये २०११ च्या जनगणनेप्रमाणं अनुसूचित जातींची लोकसंख्या दोन कोटींच्या वर. उत्तर प्रदेश सोडला तर एवढी मोठी संख्या कुठंच नाही. तिथं २०२१ साली अशा गुन्ह्यांची नोंद किती? शंभराच्या आसपास. केरळात अनुसूचित जाती तीस लाख. तिथं नऊशेच्या वर. आता कुणी मला सांगावं की बंगालात जात संपली आणि केरळात माजली! केरळात फिर्याद लिहून घेतली जाते, बंगालात एकतर घेतली जात नाही किंवा जातीचं कलम लावलं जात नाही. महाराष्ट्र या दोघांच्या मध्ये कुठंतरी आहे. लाख लोकसंख्येमागं हिशेब केला तर वीस-एकवीस गुन्हे, देशाची सरासरी अठ्ठावीस-एकोणतीस. म्हणून शाहू-फुले-आंबेडकरांचा महाराष्ट्र बरा, असं मंत्री विधानसभेत म्हणू शकतो. त्याला विचारायचं, बंगालपेक्षा वाईट का मग? (हा भागाकारही २०११ च्या लोकसंख्येनं होतो, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. माणसं नवी, भागिले जुनी.)

आणि ठाण्यापर्यंत पोचायचं कसं? घनश्याम शहा, सुखदेव थोरात, हर्ष मंदर, सतीश देशपांडे, अमिता बाविस्कर या अभ्यासकांनी ११ राज्यांतल्या ५६५ खेड्यांची पाहणी पुस्तकरूपानं २००६ साली मांडली. त्यात २७.६ टक्के खेड्यांत दलितांना पोलिस ठाण्यात पाऊल टाकायलाच अडथळा होता. हा आकडा एनसीआरबीच्या तक्त्याशेजारी ठेवा. चारातल्या एका गावाहून जास्त गावांत दारच बंद, आणि दाराआड बसून मोजणी चाललेली. हा मला आजवर भेटलेला सगळ्यात बोलका आकडा वाटतो, कारण तो बाकीच्या आकड्यांची लायकी सांगतो.

दारातून आत गेलात तरी पुढं चाळणी आहेच. एन.सी. लिहून परत पाठवणं. कलम ३२३, ५०४ लावून जातीचं कलम वगळणं (आता नव्या संहितेत आकडे बदलले, सवय बदललेली नाही). आपली फिर्याद नोंदायच्या आधी समोरच्याची दरोड्याची क्रॉस केस नोंदणं. शिवाय एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तर मोजणीला सगळ्यात भारी तेवढा एकच धरायचा, हा एनसीआरबीचा नियम. घर जाळलं, बाईची विटंबना केली, माणूस मारला, केस एक. आणि बहिष्कार? गिरणीवाला दळून देत नाही, दुकानदार मीठ देत नाही, मळ्यात कामाला बोलावत नाहीत. २०१५ च्या दुरुस्तीनं कायद्यात त्याला कलम मिळालं. पण ज्याला मीठ मिळत नाही त्यानं एसटीनं तालुक्याला जाऊन कोणत्या दिवसाची फिर्याद द्यायची? मार एका दिवशी बसतो, बहिष्कार रोज बसतो, आणि रोजचं मोजायची या वहीत सोयच नाही.

मोजायचं कुणाला हेही राजकारणच असतं. १९५६ ला ज्यांनी धम्म घेतला आणि कागदावर इमानानं 'बौद्ध' लिहिलं ते केंद्राच्या अनुसूचित यादीत १९९० पर्यंत नव्हतेच. बाबासाहेबांनी हा खेळ फार आधी ओळखला होता. १९३२ साली लोथियन समितीपुढं, संख्येवर जागा मिळणार म्हटल्यावर, आमच्या प्रांतात अस्पृश्य फारसे नाहीतच, असं सांगणारे सवर्ण पुढं आले. तोवर विटाळ होत होता तो मग कुणाचा? बाबासाहेबांनी समितीत वेगळं मत नोंदवलं. आणि १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या न झालेल्या भाषणात बघा: कविठा, जानू, चकवारा, इंदूरचे बलाई. गावाचं नाव, काय झालं, आणि कुठं वर्तमानपत्राची तारीख. 'हजारो अत्याचार' असं मोघम ते लिहीत नाहीत. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस होता तो, आकडा कुठं वाकतो हे त्यांना कळत होतं.

आता कराड. आपल्यापासून लांब नाही. तिथल्या सरकारी औषधनिर्माण महाविद्यालयातल्या एका दलित कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे मारले. त्यातून फिर्याद झाली. ती वरवर चढत सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २० मार्च २०१८ ला 'सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र' या निकालानं अॅट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. अटकेआधी परवानगी, गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी. २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये आपली माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेनं १८-अ कलम घातलं, १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयानं आपले ते आदेश मागं घेतले, १० फेब्रुवारी २०२० ला नवं कलम वैध ठरवलं. हा इतिहास तुम्हाला पाठ आहे. रस्त्यावर आपण लढलो. पण त्या निकालाच्या पोटात जे आकडे होते त्यांच्याशी आपण नीट भिडलो का?

निकालात असं आलंय: २०१६ साली तपासात अनुसूचित जातींची ५,३४७ प्रकरणं खोटी आढळली. आणि २०१५ साली कोर्टांनी निकाली काढलेल्या १५,६३८ प्रकरणांपैकी ११,०२४ मध्ये आरोपी सुटले, ४९५ मागं घेतली गेली, ४,११९ मध्ये शिक्षा झाली. शंभरातली सत्तर सुटली. झालं, गैरवापर सिद्ध! २०१६ च्या मोर्चांपासून जे चौकाचौकात बोललं जात होतं त्याला आकड्यांचा कोट चढवून मिळाला.

वाचू या. 'खोटी' कुणी ठरवली? तपास करणाऱ्या पोलिसानं. आपल्याकडं त्याला ब समरी म्हणतात. म्हणजे ज्याच्या विरुद्ध तक्रार लिहून घेत नाही म्हणून आपण ओरडतो, त्याच खात्याचं हे मत आहे. ते मत म्हणून मोजा, घटना म्हणून कसं मोजता? आणि 'सुटले' म्हणजे खोटं होतं? साक्षीदार त्याच गावात राहतो, त्याच माणसाच्या मळ्यात कामाला जातो, तारीख सहा वर्षांनी लागते. तो फितूर होतो आणि आरोपी सुटतो. तक्ता हे सगळं 'सुटका' या एका शब्दात कोंबतो.

याहून मोठं उदाहरण देतो. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. एका घरातली चार माणसं. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अॅट्रॉसिटी कायद्याखाली दोषी धरलं नाही. २०१० साली नागपूर खंडपीठानं फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची जन्मठेप केली, जातीचं कारण तिथंही मान्य झालं नाही. म्हणजे अॅट्रॉसिटीच्या कलमाखालची शिक्षा शोधायला जाल तर खैरलांजी सापडत नाही. उद्या कुणी संशोधक हाच रकाना मोजून खैरलांजीसुद्धा 'सिद्ध न झालेलं' प्रकरण धरेल, आणि त्याची बेरीज बरोबर असेल!

इथवर वाचून एखादा म्हणेल, मग आकडे सोडूनच द्या, सगळे त्यांचेच आहेत. हे मला अजिबात मान्य नाही. अमेरिकेतली आयडा बी. वेल्स आठवा. ब्लॅक पँथरचं नाव आपण घेतलं, पण त्यांच्या कितीतरी आधीची ही बाई. गुलामीत १८६२ साली जन्मलेली. १८९२ साली मेंफिसमध्ये तिच्या ओळखीच्या तिघांना गोऱ्या जमावानं मारलं. १८९५ साली तिनं 'ए रेड रेकॉर्ड' काढलं. त्यात आकडे कुणाचे? 'शिकागो ट्रिब्यून' या गोऱ्यांच्या पत्राचे. काळ्यांनी फुगवून सांगितलं असं कुणी म्हणू नये म्हणून. मग तिनं कारणाचा रकाना वाचला. गोरे म्हणत होते, आमच्या बायकांवर हात टाकतात म्हणून मारतो. रकान्यात तो आरोप तिघांतल्या जेमतेम एकावर होता. बाकीचे कशासाठी मेले, हे तिनं त्यांच्याच कागदावरून दाखवलं. समीक्षा म्हणतात ती हीच.

पंजाबात जसवंतसिंग खालडा यांनी याहून पुढचं केलं. माणसं गायब होत होती आणि पोलिस दप्तरी काहीच नव्हतं. पोलिस दप्तराच्या नादी न लागता त्यांनी स्मशानाच्या नोंदी काढल्या. बेवारस म्हणून जाळलेली प्रेतं, त्यांना दिलेलं सरण. मारणाऱ्यानं नाव लिहिलं नाही, पण लाकडाचा हिशेब कुणीतरी लिहिला होता. ६ सप्टेंबर १९९५ ला खालडांना घरून उचललं, त्यांचा खून झाला. २००५ साली त्यासाठी पोलिसांना शिक्षा लागली. सीबीआयच्या तपासात अमृतसर जिल्ह्यातले २,०९७ अंत्यसंस्कार निघाले. त्यातल्या १,२३८ जणांची ओळखच पटली नाही.

आपल्याकडं अशा लाकडाच्या वह्या कुठल्या? विचार करा. वाडीवर बहिष्कार पडला तर शाळेच्या हजेरीपटावर त्याची खूण राहू शकते, रोजगार हमीच्या मस्टरवर राहू शकते, सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर राहू शकते. ते कागद अत्याचार लिहायला ठेवलेले नसतात, म्हणून ते लपवायची बुद्धीही कुणाला झालेली नसते. माहिती अधिकार २००५ पासून आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणं जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला पाहिजे. तिची इतिवृत्तं आपल्यातल्या किती जणांनी मागवलीत?

आणि आता आपल्या घरातलं. सत्यशोधन समिती गावात जाते, अहवाल निघतो. त्यात 'शेकडो कुटुंबं', 'प्रचंड दहशत', 'कित्येक महिला'. तारीख नसते, घरांची संख्या नसते, दुसरी संघटना त्याच गावात गेली होती का याचा पत्ता नसतो. बेरीज करताना एकच घटना तीन संघटनांच्या नावानं तीनदा येते, आणि ज्या वाडीवर कुणीच गेलं नाही ती एकदाही येत नाही. कवितेत 'हजारो सूर्य' चालतात. अहवालात नाही चालत. कोर्टातला वकील तेवढीच एक ओळ उचलतो आणि बाकी खरं असलेलं सगळं मातीत घालतो.

जगात या दोन याद्यांच्या भानगडीतूनच एक शास्त्र उभं राहिलंय. अवघड नाही. समजा बाजारात मेंढरं किती आली ते मोजायचंय आणि सगळी दिसत नाहीत. एकानं सकाळी हिंडून साठ मेंढरांना गेरूचा ठिपका लावला. दुसऱ्यानं दुपारी आपल्या वाटेनं हिंडून पन्नास बघितली, त्यात ठिपक्याची निघाली तीस. म्हणजे दहातल्या सहांना ठिपका आहे, आणि ठिपके एकूण साठ, तर मेंढरं शंभराच्या घरात. पण ठिपक्याची फक्त दहाच निघाली असती तर? मग एकूण तीनशे. याद्या एकमेकींत जितक्या कमी मिसळतील तितकं न दिसलेलं जास्त. मात्र दुसरा गडी पहिल्याच्याच कोपऱ्यात फिरला तर सगळीच ठिपक्याची दिसणार आणि हिशेब फार कमी येणार. आपल्या याद्यांचं हेच होतं. सगळ्या डांबरी रस्त्याकडेच्या गावांच्या.

पेरू देशात १९८० ते २००० च्या हिंसेचा हिशेब सत्यशोधन आयोगानं असाच लावला. पॅट्रिक बॉल आणि त्यांच्या सोबतच्या संख्याशास्त्रज्ञांनी आयोगाची यादी, सरकारी लोकरक्षकाची यादी, संघटनांच्या याद्या नावानावानं जुळवल्या. आयोगाच्या हाती नोंदलेले बळी होते सुमारे २४ हजार. याद्यांच्या जुळणीवरून अंदाज आला ६९,२८० चा, आधी देशात जे धरून चालले होते त्याच्या दुपटीच्या आसपास. आणि मेलेल्या चारांतल्या तिघांची मायबोली केचुआ किंवा अशीच मूळ रहिवाशांची भाषा होती. डोंगरातले शेतकरी. त्यांच्यातले हजारोंनी मेले तरी राजधानी लिमाला जाणवलं नव्हतं. हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही.

अंदाज म्हणजे नावं नव्हेत, हेही सांगून टाकतो. ६९,२८० या आकड्यावर कुठल्या न्यायालयात एकालाही शिक्षा होत नाही. तिथं एक नाव, एक तारीख, एक साक्षीदार लागतो. आणि त्या माणसाला विहिरीत उतरताना काय वाटलं हे ना यादी सांगते ना अंदाज, ते खरातच सांगतात. उलट 'तराळ-अंतराळ' वाचून औंध संस्थानातल्या किती तराळांना असं उतरवलं हे काढता येणार नाही. पुस्तकाकडून ते मागणं अडाणीपणाचं आहे. प्रत्येक कागदाला त्याच्या कुवतीचं काम द्यायचं. पोचीराम कांबळे हे नाव १९७८ च्या नामांतराच्या वणव्यातून आपल्यापर्यंत जलशांनी आणलं, तक्त्यानं नाही. त्या गाण्यांनाही मी नोंदच म्हणेन.

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर, आणि पलीकडं माण-खटाव. या पट्ट्यात पँथरच्या दिवसांपासून काम केलेल्यांच्या घरी डायऱ्या आहेत, निवेदनांच्या पोच आहेत, फिर्यादींच्या पिवळ्या पडलेल्या नकला आहेत. पोरं घर झाडताना त्या रद्दीत घालतात. त्या आधी कुणीतरी बसून एका वहीत उतरवून घ्याव्यात: गाव, तारीख, काय घडलं, कुठलं कलम लावलं, कुठलं लावलं नाही, समरी कोणती, निकाल काय, आणि हे कुणाकडून कळलं. शेवटचा रकाना गाळू नका, त्याच्याशिवाय दोन वह्या जुळवता येत नाहीत. पीडितांची नावं वेगळ्या कागदावर, विश्वासाच्या माणसाकडं, त्यांच्या संमतीनं. दुसऱ्या तालुक्यातल्यानं आपली वही स्वतंत्र करावी, आपल्याला विचारून नाही. दोन्ही झाल्या की मग एकत्र बसू.